अकरावा थांबा

मंगळवारी सकाळी म्हाताऱ्या बेकरीवाल्याने बायकोला सांगितलं, "दुकानात जाऊन येतो, भट्टी नीट चालत नाही म्हणे," आणि सरळ बसस्टँड गाठला.

"कुठलं देऊ, काका?" कंडक्टरने विचारलं.

"अकरावा थांबा."

कंडक्टरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, बोटांवर थांबे मोजले आणि तिकीट फाडून दिलं.

दर गुरुवारी त्याची बायको शेजारच्या टायपिस्टबाईंना घेऊन याच बसने बाहेर पडायची. दर वेळी एक थांबा पुढे. दहा गावं झाली होती. संध्याकाळी जेवताना ती बोलत सुटायची. कुठे शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा उलटा काढलेला. कुठे विहिरीत पडलेली सायकल काढायला अख्खं गाव जमलेलं. ताटातलं गार व्हायचं, पण तिचं संपायचं नाही. चाळीस वर्षं ती त्याच्या गल्ल्यावर बसली होती, इतकं कधी बोलली नव्हती. आणि सगळ्यात 'आम्ही'. आम्ही उतरलो, आम्ही विचारलं, आम्हाला इतकं हसू आलं. त्या 'आम्ही'त तो कुठेच नव्हता. तो नुसता "हं" म्हणायचा आणि खाली मान घालून जेवायचा. पोटात मात्र दुखायचं. हल्ली तर टायपिस्टबाई जिन्यात भेटल्या तरी त्याच्या कपाळावर आठी चढायची.

म्हणून या वेळी तो दोन दिवस आधीच निघाला होता. गुरुवारी ती रंगात आली, की आपण शांतपणे म्हणायचं, "ठाऊक आहे. जाऊन आलोय मी." बसमध्ये त्याने हे वाक्य दोनतीनदा पुटपुटून पाहिलं. शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

गाव वीस मिनिटांत संपलं. एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, पलीकडे पूल, पुलापाशी कुलूप लावलेलं पोस्ट. थांब्यासमोरच्या ओट्यावर एक बाई मोडक्या खुर्चीला वेताची बैठक विणत होती.

"कोणाकडे आलात, काका? बसा की जरा. पाणी देते."

"नको, घाईत आहे," तो म्हणाला.

परतीची बस चारला होती. तेव्हा साडेबारा वाजले होते. दुसरीकडे जायला जागाच नव्हती, म्हणून तो थांब्यावरच्या बाकावर बसला. घाईत आहे असं एकदा सांगून बसलेला, आता तिच्याकडे बघणार कसं? त्याने मान दुसऱ्या बाजूला वळवली आणि ती तशीच ठेवली. पिशवीतला पाव त्याच अवस्थेत खाल्ला. दोनच्या सुमारास मान अवघडली, पण मनातून त्याला बरंच वाटत होतं. या गावात आहे काय? गुरुवारी बायकोला सांगायला काही मिळणारच नव्हतं.

गुरुवारी ती अंधार पडता पडता आली. केस विस्कटलेले, बोटांना बारीक ओरखडे. चपला काढता काढताच तिने सुरुवात केली.

"अहो, आज तर कमालच झाली!"

थांब्यासमोरच वेताचं काम करणारी एक बाई राहते. तिने दोघींना ओट्यावर बसवून घेतलं, हातात वेत दिला. टायपिस्टबाईंनी असली गाठ मारली, की ती सोडवता सोडवता वेतवाली बाई रडकुंडीला आली. मग मागच्या दाराने तिने त्यांना नदीवर नेलं. पुलाच्या अगदी खाली चिखलात एक होडी रुतली आहे, आणि होडीत झाड उगवलंय, माणसाहून उंच.

तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. वाक्य तयार होतं. पण मंगळवारी पुलापर्यंत जाऊनही त्याने खाली वाकून पाहिलंच नव्हतं.

"आणि ऐका ना," ती म्हणाली. "परवा तिथे एक गृहस्थ आले होते म्हणे. ती बसा म्हणाली, तर म्हणाले घाईत आहे. आणि मग साडेतीन तास समोरच्या बाकावर! असे." तिने मान वळवून ताठ बसून दाखवलं. "टायपिस्टबाईंना तर हसून हसून ठसका लागला. पाणी पाजावं लागलं."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे या गावात तो त्यांच्या 'आम्ही'च्या गोष्टीत आला होता, पण असा.

"तो मी होतो," तो म्हणाला.

तिची मान अजून वळलेलीच होती. ती सावकाश सरळ झाली.

"तुम्ही? पण तुम्ही तर दुकानात..."

"दुकानात गेलोच नाही."

"पण कशाला गेलात एवढ्या लांब?"

"तुझ्या आधी जायचं होतं."

"कशाला?"

ठरवलेलं वाक्य आता काही कामाचं नव्हतं. तो हाताच्या तळव्यांकडे बघत राहिला. भट्टीने त्यांची कातडी कधीच राठ करून टाकली होती.

"मलाही काहीतरी सांगायचं होतं," तो म्हणाला. "एकदा तरी मी सांगावं आणि तू ऐकावंस."

ती हसली नाही.

"मग सांगा," ती म्हणाली.

त्याने आठवून पाहिलं. रस्ता होता, पूल होता. पोस्टाला कुलूप होतं. यातलं सांगण्यासारखं काय?

"बाक होता एक," शेवटी तो म्हणाला.

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.

"कसा होता?"