सूर्यफुलातला फोटो

गाडीचा आवाज आला तेव्हा ती नुकतीच म्हाताऱ्याला शेतात उभं करून परतली होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते आणि धाप अजून ओसरली नव्हती.

सकाळपासून ती त्याच्याच मागे होती. कोट झटकला, गुंड्या लावल्या, टोपी खाली ओढली. हल्ली त्याचं सगळं तिलाच करावं लागे, आणि आता तिला खरंच कंटाळा आला होता. "आज तेवढं नीट उभं राहा," निघताना तिने त्याला दम भरला, "गेल्या खेपेसारखे कलंडू नका."

नियम साधा होता. तेलबियांचं अनुदान हवं तर शेत ज्याच्या नावावर, त्याने उभ्या पिकात फोटो द्यायचा. फोटो नाही तर अनुदान नाही, अनुदान नाही तर पुढच्या हंगामाचं बियाणं नाही. मग मुलगा म्हणत होता तसं शेत विकायचं आणि शहरात त्याच्या दोन खोल्यांतला एक कोपरा धरून बसायचं. त्या कोपऱ्याची तिने मनापासून धास्ती घेतली होती.

कृषी खात्याचा तपासनीस कंबर धरतच गाडीतून उतरला. सकाळपासूनचं हे त्याचं बारावं शेत.

"आधी पाणी द्या मावशी."

तिने तांब्या पुढे केला. त्याने तो एका दमात रिकामा केला.

"मालक कुठेत?"

"ते काय, मधोमध." पिवळ्या फुलांच्या वर टोपी आणि कोटाची पाठ दिसत होती. सगळ्या फुलांची तोंडं उगवतीला, तसंच त्याचंही.

"तोंड इकडे करायला सांगा की."

"ऐकू येत नाही त्यांना. मी घसा फोडला तरी ढिम्म हलायचे नाहीत."

"मग मीच जातो."

तपासनिसाने सरीत पाय टाकला आणि तो बुटासकट घोट्यापर्यंत रुतला. पहाटेच तिने पाणी सोडून ठेवलं होतं. कसाबसा पाय उपसून तो बांधावर परतला.

"नेमकं पाहणीच्या दिवशी पाणी दिलंत?"

"आजच पाळी आली साहेब. आमच्या हातात काय असतं?"

तो गवतावर बूट घासत राहिला. "पुलापलीकडच्या बाई यंदा यादीत नाहीत."

"विकलं तिने शेत. नवरा गेल्यावर कागदावरचं नाव बदलेपर्यंत तीन हंगाम गेले. किती दिवस तग धरणार?"

"हं." त्याने मोबाइल काढला आणि बराच वेळ शेताकडे रोखून धरला. "गेल्या वर्षीही हाच कोट होता."

"दुसरा आहे कुठे त्यांना?"

"पाखरांचा त्रास कमी दिसतो तुमच्याकडे."

"दिवसभर शेतातच असतात ना हे."

त्याने फोटो काढला. मग जांभई आवरत, अंगठ्याने एकेक रकाना भरत पुटपुटला, "पीक सूर्यफूल... शेतकरी पिकात हजर." मोबाइल खिशात टाकला. "झालं मावशी. महिन्याभरात पैसे जमा होतील."

ती तिथेच बांधावर बसली. पायांवरचा चिखल खरवडू लागली.

गाडी सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि थांबली. तपासनिसाने काच खाली केली.

"मावशी, पुढच्या वर्षी हात तेवढे खाली बांधा त्यांचे. जिवंत माणूस इतका वेळ हात पसरून उभा राहत नाही."