तीस सह्या

शाळेने नातीकडे एक कागद दिला होता. बापाने रोज दहा मिनिटं लेकराशी गप्पा मारायच्या आणि त्या दिवसाच्या रकान्यात सही करायची. माझा लेक मोटारी दुरुस्त करतो. संध्याकाळी कामावरून आला, हात पुसले, पोरीला चिकटून बसला आणि महिन्याभराच्या तीसच्या तीस सह्या एका बैठकीत ठोकून मोकळा झाला.

माझी शाळा तिसरीतच सुटली, पण आज वार कोणता ते मला कळतं.

"काय रे शहाण्या, पुढच्या गुरुवारी लेकीशी काय बोललास, ते सांग की जरा."

"आई, दमून आलोय गं. आता सुरू होऊ नकोस."

"लोकांच्या गाड्यांखाली तास न् तास पडून असतोस, तेव्हा बरा दमत नाहीस. घरात दहा मिनिटं जड झाली होय?"

 नात मात्र माझ्यावरच फुरंगटली.

"आजी, बाबांना ओरडू नकोस ना. किती वेळ बसले होते ते माझ्याजवळ. एवढा वेळ तर कधीच बसत नाहीत."

"अगं बये, सह्या करायच्या होत्या म्हणून बसला तो."

"माहितीये मला," ती हळूच म्हणाली. "शाळेने सातच रकाने दिले होते. बाकीचे मी पट्टीने आखले."