हुतात्मा आर्खिप

दुसऱ्या महायुद्धाच्या विजयदिनाच्या मिरवणुकीत धरायला नगरपालिकेने ताइसियाला एका हुतात्म्याचा छापील फलक दिला. त्यावरचा फोटो बघून ती घरी पळत सुटली, कारण हुतात्मा परसात बटाटे लावत होता.

"आजोबा, अहो, तुम्हाला मारून टाकलंय त्यांनी!"

नव्याण्णव वर्षांच्या आर्खिपनी चष्मा चढवून फलक वाचला. फोटोखाली छापलं होतं, 'आमचं युद्ध अजून संपलेलं नाही. राष्ट्राध्यक्षांच्या मागे उभे राहा, नवं युद्धही जिंका!' हेच वाक्य व्यासपीठावरून म्हणा म्हणून साहेब लोक तीन वर्षं त्यांच्या मागे लागले होते आणि आर्खिप दर वर्षी त्यांना हात हलवत परत पाठवत होते. जिवंत माणूस ऐकेना, म्हणून यंदा साहेबांनी मेलेल्याच्या तोंडून वदवून घेतलं होतं.

आर्खिप पोट धरून हसले. मग त्यांनी हात धुतले, कोटाला पदकं लावली आणि ते वाक्य कोळशाने खोडून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमचं युद्ध पंचेचाळीस साली संपलं. मी तिथे होतो.'

"आजोबा, हे घेऊन मिरवणुकीत जाणार? पकडतील ना तुम्हाला!"



"मेलेल्या माणसाला कोण पकडतंय, पोरी? चल, उशीर होतोय."