टाचणी लावलेली पानं

मोठ्या बहिणीच्या ऑपरेशनला तासभर उरला होता.

"भीती वाटतेय का गं ताई?"

"मला? हट्! मी कधी घाबरलेय?"

धाकटीने पिशवीतून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढून मोठीच्या मांडीवर ठेवलं. 'तेरा नंबरच्या खोलीतला हात'. मुखपृष्ठावरच्या हाताला सहा बोटं होती. चित्रकाराला घाई असावी.

मोठीला हसू फुटलं. शाळेत असताना असली पुस्तकं आधी ती वाचायची, भयंकर पानं टाचण्या लावून बंद करायची आणि मगच धाकटीच्या हाती द्यायची. धाकटी घाबरट ना! तिच्या वाट्याला भुतं सोडून उरलेलं यायचं, म्हणजे गोष्टीतल्या वसतिगृहातलं जेवण आणि मैत्रिणींचे रुसवेफुगवे.

टाचण्या गंजल्या होत्या, पण जागेवर होत्या. फक्त प्रत्येकीभोवती चार-पाच भोकं दिसत होती.

"मी तर एकदाच टोचली होती. ही चाळण कुणी केली?"

"मीच. सगळं वाचायचे आणि टाचणी होती तशी परत लावून ठेवायचे. हसून हसून पोट दुखायचं."

"लबाड! मग रोज रात्री उशी घेऊन माझ्या अंथरुणात का शिरायचीस?"

धाकटी चष्मा पुसत राहिली. "तू डोक्यावरून पांघरूण घेऊन थरथरायचीस, ताई. पण हाक काही मारायची नाहीस."

मोठीने पलंगाच्या कडेला सरकून शेजारी जागा केली.