लिंबाची पाठवणी

“लिंब इथून हलल्याबिगर मी काय हलायची नाय,” राजाबाई म्हणाली आणि पुन्हा सुपातली ज्वारी निवडू लागली.

अजिनाथनं कपाळाला हात लावला. पडेगावातलं मायचं घर बिल्डरला द्यायचं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. आजूबाजूच्या सगळ्या जागा गेल्या होत्या, तिथं फ्लॅट उठत होते. मधोमध उरली होती ही एक खोली, पुढचं अंगण आणि अख्खं अंगण अडवून बसलेला कडुलिंब. अजिनाथच्या बापानं, कडूबानं लावलेला. बाप गेल्यावर घर मायच्या नावावर चढलं. सही तिचीच लागणार होती.

“माय, शहराच्या त्या टोकाला, सातारा परिसरात माझा बंगला हाय, मागं बाग हाय. इथं एकटी कशाला राहतीस?”

“एकटी कशी? सुकेशनी हाय की.”

सुकेशनी त्याची धाकटी बहीण. सिल्लोडला दिली होती, पण नवऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हापासून मायपाशीच होती. “तिचं बी बघू कायतरी,” अजिनाथ दरवेळी म्हणायचा. काय बघणार, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

बिल्डरचा माणूस एकदा झाड पाडायला माणसं घेऊन आला. राजाबाई विळा घेऊन बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. “फांदीला हात लावून दाव,” म्हणाली. माणसं आल्या वाटेनं परत गेली.

मग अजिनाथला युक्ती सुचली. रस्ता रुंद करताना मोठाली झाडं क्रेननं उचलून दुसरीकडं लावलेली त्यानं पाहिली होती.

“माय, लिंबच माझ्या बागेत नेला तर?”

राजाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. “जगंल?”

“जगवतो. पैज लाव.”

“मारलास तर तुझं तोंड बघायची नाय.”

“अन् जगला तर?”

“मग माझा घोर मिटला.”

अजिनाथला एवढं पुरे होतं.

नर्सरीवाल्या फकिरानं घाई करू दिली नाही. एका बाजूनं चर खणून मुळ्या तोडल्या, चरात शेणखत भरलं आणि नवी बारीक मुळं फुटायची वाट पाहिली. पावसाळ्यानंतर दुसरी बाजू. त्या साली पाऊस रुसलाच होता. नळाला पाणी नव्हतं. अजिनाथ पडेगावला टँकर पाठवायचा आणि बायको तनुजा भांडायची, “प्यायला मिळंना अन् झाडाला टँकर?”

“लिंब जगला पाहिजे,” तो ओरडायचा. आता तोच इरेला पेटला होता.

नेण्याच्या दिवशी फकिरानं फांद्या छाटल्या, मुळांचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधला. राजाबाईनं बुंध्याला हळद-कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. क्रेननं झाड उचललं तेव्हा ती हमसून रडली. सुकेशनी ट्रेलरमागं पार वळणापर्यंत चालत गेली.

“माय, चल आता तू बी.”

“आधी त्याला रुजू दे.”

बागेत लावल्यावर लिंबाची होती नव्हती ती पानं झडली. शेजारी हसायचे, मेलेल्या झाडाला पाणी घालतोय म्हणायचे. अजिनाथ आंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादल्यांनी वाहायचा. नखानं साल खरवडून बघायचा. खाली अजून हिरवं होतं.

चैत्रात बुंध्यावर तांबूस पालवी फुटली. अजिनाथ लहान पोरासारखा नाचला. एक डहाळी तोडून घेतली, टेम्पो ठरवला आणि मायचं सामान आणायला पडेगावला निघाला.

दारात टेम्पो थांबला तशी राजाबाई पुढं आली. तिनं डहाळी डोळ्यांना लावली.

“जगवलास रं! बापाचं नाव राखलंस.”

“मग भर आता सामान.” बोलता बोलता त्याची नजर तिच्यामागं गेली. अंगणभर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. दोरी ताणून गवंडी पाया खणत होता. सुकेशनी घमेल्यानं माती उपसत होती.

“माय, हे काय?”

“सुकेशनीच्या दोन खोल्या. किती साल झाले, लिंब तोडायला पालिकेची परवानगी मिळंना, अन् मिळाली असती तरी माझ्या जिवानं तोडवला नसता. तू नेलास, जागा मोकळी झाली.” राजाबाईनं पदर खोचला. “टेम्पो आणलास ते लई ब्येस केलंस. जा, भट्टीवरनं विटा घेऊन ये.”