जावेच्या नावचं पान

गुडघे वाचवायचे तर अंग उतरवा, असं कुडाळच्या डॉक्टरनं बजावल्यापासून मथुरा नाचणीच्या भाकरीवर होती. दोन महिन्यांत आठ रत्तल उतरली. आज अविधवा नवमी. वारलेल्या धाकट्या जावेच्या नावानं सवाष्ण म्हणून तीच पानावर बसली, नि जावेची लेक वाढत होती: वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. "एकच वडो," नवरा दारातून गुरगुरला. "एक दिस सूट घेतलंस तर दोन म्हयन्यांचा पथ्य पाण्यात जातला." जाऊ असे वडे ढिगानं तळायची आणि पंगत उठल्यावर भांडं खरवडून खायची; भरल्या पानावर जन्मात बसली नाही. मथुरेनं पाचवा वडा संपवला. "अगो, डॉक्टरान काय सांगल्यान?" नवरा ओरडला. "पथ्य माका सांगल्यान, तिका नाय." तिनं रिकाम्या पानावर हात आपटला. "वाढ गो चेडवा, तुझ्या आवशीचा पोट अजून भरूक नाय."