वेलचीचा चहा

"बाबा, ओठ हलवू नका. नुसतं मनात बोला, बाकीचं ही पट्टी बघेल." वडिलांच्या गळ्याला पट्टी चिकटवत ऋजुता उत्साहानं म्हणाली.

घशाच्या ऑपरेशनमध्ये दिगंबररावांचा आवाज गेला, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मंदाताई रोज सकाळी पूजा होईपर्यंत मौन पाळत. ह्यांच्या तोंडून शब्द ऐकेन त्या दिवशी उद्यापन करीन, असं त्या देवापुढे बोलल्या होत्या. आजची पूजा अजून व्हायची होती.

"आवाज अगदी बाबांचाच आहे हं आई. जुन्या कॅसेटवरून बनवलाय."

"बनवलेलाच ना?" शेजारच्या लेलेकाकू म्हणाल्या. "यंत्राचं बोलणं ते यंत्राचंच. घाईनं व्रत मोडू नका हो, मंदाताई."

मंदाताईंनाही तेच कोडं पडलं होतं. हा शब्द ह्यांचा धरायचा की सॉफ्टवेअरचा? त्यांनी गुपचूप चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवला.

दिगंबररावांनी एक घोट घेतला. पट्टीवर हिरवा दिवा लागला आणि त्यांचा भरदार आवाज खोलीभर घुमला, "अगं, चहात वेलची नको घालत जाऊस. मला मुळीच आवडत नाही."

ऑपरेशननंतर घशाला बरी म्हणून मंदाताईंनीच वेलची सुरू केली होती. दिगंबरराव बोलायचे ते पाटीवर लिहून, आणि मुद्दाम लिहून दाखवावी एवढी मोठी तक्रार ती कधीच नव्हती. यंत्राला ती कुठून कळणार?

मंदाताईंचे डोळे भरून आले. देवघराकडे बघत त्यांनी हात जोडले, आणि वळून म्हणाल्या,

"अहो, मग आधी नाही का बोलायचं!"